हातपंपाबरोबर बेंगळुरूला

सोलापूर स्टेशनवर गाडी हलली तरी दिलीप खिडकीबरोबर चालतच होता. "त्या बाईंशी वाद घालू नकोस," तो म्हणाला, "आणि समजलं नसेल तर समजलं म्हणू नकोस." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्याला माझ्या स्वभावातल्या या दोनच गोष्टींची धास्ती आहे.

त्या बाई म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या पाणीपुरवठा खात्यातल्या इंजिनिअर. आमचा एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. गावोगावच्या बोअरवर बसतात ते हातपंप आम्ही बनवतो. आजवर सगळा माल हैदराबादच्या एका व्यापाऱ्याला जायचा आणि तो पुढे नेमका कुठल्या देशात पाठवायचा ते आम्हाला कळतही नसे. या वेळी पहिल्यांदाच आम्ही स्वतः निविदा भरली. मलावीतल्या खेड्यांत खोल बोअर खणायचे होते, त्यासाठी एका आंतरराष्ट्रीय विकास बँकेनं कर्ज दिलं होतं, आणि अशा कर्जाच्या कामात कुठल्याही सभासद देशातल्या कारखान्याला निविदा भरता येते, लहान असो की मोठा, असा त्या बँकेचा नियम आहे. आम्ही भरली आणि चक्क मिळाली. हा माल करायला आम्ही हैदराबादचं काम हंगामभर नाकारलं होतं. आता एकच पायरी उरली होती: बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत आमच्या एका पंपाची तपासणी, तीही मलावीच्या इंजिनिअरसमोर. पंप ट्रकनं आधीच पुढे गेला होता. दिलीपचं इंग्रजी यंत्रापाशी येऊन थांबतं, पत्रव्यवहार मी बघते, म्हणून मी निघाले.

कलबुर्गी मागे पडेपर्यंत बाहेर आपलीच काळी जमीन होती. रात्री कधीतरी ती संपली असावी. पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर मोठमोठे गोल दगड एकावर एक रचून ठेवल्यासारखे उभे होते, मधेच नाचणी काढून घेतलेली शेतं, नारळ, आणि अंगावर शाल ओढून घ्यावी अशी थंडी. येलहंका स्टेशनवर विजयाक्का उभी होती. ही माझी मावसबहीण. माहेर विजापूरचं, सासर बेंगळुरूचं, त्यामुळे तिचं मराठी अर्धं कानडीच्या अंगणात खेळतं.

"बा गं, ये ये," तिनं माझ्या हातातली बॅग ओढून घेतली. "किती वाळलीस की! अगोदर तिंडी (नाश्ता) कर, मग तुझा पंप."

तिचे यजमान, आमचे श्रीपाद दाजी, सरकारी यंत्रकारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गरम खारा भात (तिकडचा तिखट उपमा) आणि फिल्टर कॉफी समोर ठेवली. वरून हवाई दलाचं विमान घरघरत गेलं, कपातली कॉफी थरथरली, पण त्या घरात कुणी मान वर करून बघितलं नाही.

पीण्याला जायला रिक्षा केली. पीण्या म्हणजे बेंगळुरूचं जुनं औद्योगिक उपनगर. रिक्षावाल्यानं हिंदीत विचारलं, कुठून आलात? सोलापूर म्हटल्यावर तो खूश झाला. "सोलापूर! चादर!" वाटेत त्यानं आणखी एका माणसाला पुढे स्वतःशेजारी बसवून घेतलं आणि मागे वळून मला म्हणाला, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, मेडम." (थोडं सांभाळून घ्या.) या शहरातलं हे सगळ्यात उपयोगी वाक्य असावं. रस्ताभर लोक एकमेकांना तेच सांगत होते, आणि सांभाळूनही घेत होते.

प्रयोगशाळेत नागराज नावाचे अधिकारी भेटले. शांत, कपाळावर बारीक गंध. त्यांच्याशेजारी एक उंच बाई उभ्या होत्या, डोक्याला निळं-पिवळं कापड बांधलेलं, वय माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी कमी. त्यांनी नाव सांगितलं, चिकोंडी. मी माझं सांगितलं, सरोज. मग त्यांनी विचारलं, गाव कुठलं?

"सोलापूर," मी म्हटलं, आणि चादरीची वाट बघितली.

"शोलापूर!" त्या एकदम माझा हात धरून म्हणाल्या. "शोलापूर पंप! आम्हाला शिकवताना पहिल्याच धड्यात तुमच्या गावाचं नाव होतं."

सोलापूर-जालन्याकडे पूर्वी मिशनच्या लोकांनी आणि तिथल्या कारागिरांनी मजबूत पंप बनवले होते, हे सासऱ्यांकडून ऐकलं होतं. पुढची हकीकत मला मलावीच्या या बाईंनी सांगितली. मुलांसाठी काम करणारी एक जागतिक संस्था आणि आपले इंजिनिअर यांनी मिळून सोलापूरच्या त्या पंपात सुधारणा केल्या, खेड्यांतून वापरून पाहिल्या, आणि तयार झालेला नमुना कुणाच्याही मालकीचा ठेवला नाही. ज्याला बनवायचा त्यानं बनवावा.

"आमच्याकडेही एक पंप असाच तयार झाला," चिकोंडी म्हणाल्या. "उथळ पाण्याचा. तो आता तुमच्या देशात बनतो आणि आम्ही विकत घेतो. खोल पाण्याला तुमच्या गावचा."

"तो पंप तर आम्ही पण बनवतो!" मी म्हटलं. इतकी वर्षं आम्ही तो 'आफ्रिकेचा माल' म्हणून बनवत होतो. तो कुणीतरी कुठेतरी डोकं लावून तयार केला असेल असा विचारच मनात आला नव्हता.

इतकं छान सुरू झालं, त्यामुळे दुपारी जे झालं ते जास्त लागलं.

पंप टाकीवर उभा केला, यंत्रानं दांडा वरखाली होऊ लागला. पाणी भरघोस पडत होतं. आटे तपासले, जोड तपासले, सगळं ठीक. मग नागराजनी बोअरमध्ये खाली उतरणाऱ्या लोखंडी सळ्या टेबलावर घेतल्या. त्यांच्यावर जस्ताचा थर असतो, गंज धरू नये म्हणून. त्यांनी एक छोटं उपकरण सळीवर टेकवलं. पुन्हा टेकवलं, दुसरीकडे. दुसरी सळी घेतली. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि त्या नजरेनंच मला कळलं.

"थर कमी आहे," ते म्हणाले. "सगळ्या सळ्यांवर."

"किती कमी?"

"फार नाही. पण कमी आहे."

फार नाही, हे दोनच शब्द मला ऐकू आले. दिलीपची सूचना विसरून मी चिकोंडींकडे वळले. पंप उत्तम चालतोय, पाणी बघा, आमची माणसं बघा, एवढ्याशा फरकानं काय होणार, असं सगळं बोलून गेले. शेवटी सकाळी शिकलेलं वाक्य निघालं, "स्वल्प अ‍ॅडजस्ट..." नागराजनी मान खाली घातली.

चिकोंडी चिडल्या नाहीत. "माझ्या मावशीच्या गावात पंप बसवला होता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणीतरी बनवलेला. पहिल्या वर्षी गाव नाचलं. मग सळ्या गंजल्या. पाणी तांबूस यायला लागलं. त्यात शिजवलेलं लाल व्हायचं, चहा काळा व्हायचा, पांढरे कपडे वाया जायचे. बायकांनी पंप सोडला आणि पुन्हा नदीवर जायला लागल्या. तो पंप अजून उभा आहे. चालतो. कुणी हात लावत नाही." त्यांनी आमची सळी उचलून माझ्यासमोर धरली. "अमायी, मी यावर सही करू शकत नाही."

अमायी म्हणजे त्यांच्याकडे आई, किंवा वडीलधाऱ्या बाईला हाक मारायचा मानाचा शब्द. आमची माई आणि त्यांची अमायी इतक्या जवळ आहेत याची एरवी मला गंमत वाटली असती. त्या क्षणी फक्त राग आला. हे सगळे नियम परदेशात बसून आमच्यासारख्या लहानांना बाहेर ठेवायलाच केलेले आहेत, असं मी मनात म्हटलं, आणि बाहेर जाऊन दिलीपला फोन केला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जस्ताचं काम बाहेर दिलं होतं. तिथं त्या आठवड्यात वीज जात होती. घाईत टाकीतून लवकर काढल्या असतील." आणि मग, "त्या बाई बरोबर आहेत, सरोज."

मी आत आले ती बॅग उचलायलाच. पण चिकोंडी माझी वाट बघत होत्या.

"तुम्ही कुठे निघालात? फेरतपासणी मागा."

"मिळते?"

"बँकेच्या नियमात आहे. एकदा नमुना चुकला तर दुरुस्त करून पुन्हा दाखवायची एक संधी. मी परत जाईपर्यंत दाखवलात तर मी इथेच बघते." मी आभार मानायला लागले तर त्यांनी मला थांबवलं. "माझी मेहेरबानी नाही ही. तुमचा हक्क आहे. मागितला नाहीत तर मी देऊही शकत नाही."

मी तिथल्या तिथे मागितला. ज्या नियमांना मी मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या त्यातलाच एक नियम आता आमच्या बाजूनं उभा होता.

दाजींना फोन केला. त्यांचा एक जुना सहकारी पीण्यातल्या एका जस्त चढवणाऱ्या प्लेटिंगवाल्याला ओळखत होता. दाजी स्वतः रिक्षा करून आले आणि आम्ही सळ्या घेऊन तिकडे गेलो. अरुंद गल्ली, आम्लाचा नाकात झोंबणारा वास, ओळीनं मांडलेल्या टाक्या. मालकांना दाजी 'अण्णा' म्हणत होते. अण्णांनी ऐकून घेतलं, सळ्या हातात फिरवल्या.

"जुना थर काढायचा, मग नवा," ते म्हणाले. "घाई करणार नाही. घाई झालेलीच आहे यांच्यावर. परवा या."

"सरी," दाजी म्हणाले. मीही म्हणाले, सरी, म्हणजे ठीक.

मधला एक दिवस मोकळा मिळाला. चिकोंडींना आईसाठी कापड घ्यायचं होतं, म्हणून आम्ही पीण्याहून मेट्रोनं थेट चिकपेटला गेलो. वर आलो आणि गर्दीनंच आम्हाला पुढे नेलं. साड्यांची दुकानं, त्यांच्यासमोर हातगाड्या, हातगाड्यांमधून डोक्यावर गठ्ठे घेऊन जाणारे हमाल, आणि या सगळ्यातून हॉर्न वाजवत येणारी एखादी स्कूटर. चिकोंडी एका दुकानात गादीवर मांडी घालून बसल्या आणि कापड दोन बोटांत चोळून, उजेडात धरून, उलट बाजू बघून नाकारत राहिल्या. दुकानदार मला हळूच म्हणाला, "मेडम टीचर आहेत का?"

"तपासनीस," मी म्हटलं. त्यानं आतून चांगला माल काढला.

शेवटी निळ्या काठाची सुती साडी पसंत पडली. त्यांच्याकडे बायका कमरेला कापड गुंडाळतात, त्याच्यासाठी तिचे दोन तुकडे करणार होत्या. दुकानदाराला ते ऐकवेना. साडी फाडू नका, असं तो आम्ही पायऱ्या उतरेपर्यंत सांगत होता.

संध्याकाळी विजयाक्कानं दोघींना घरी जेवायला बोलावलं होतं. तिनं मुद्दाम मुद्दे केले होते (नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा), बरोबर पालेभाजीचं सारू, म्हणजे पातळ आमटी. "परदेशी पाहुणीला हे काय देतेस," असं मी स्वयंपाकघरात कुजबुजले, कारण मला स्वतःला तो गोळा खायला कधी जमलेला नाही. अक्का म्हणाली, "दुसरं काय देऊ? आमच्याकडं हेच चांगलं असतंय."

ताट समोर आलं आणि चिकोंडी पुढे सरकून बसल्या. मग त्यांनी गोळ्याचा लहान तुकडा तोडला, तळहातात वळला, अंगठ्यानं त्याला खळगा पाडला, खळग्यात सारू घेतलं आणि खाल्लं. कुणी शिकवायची गरज पडली नाही.

"न्सिमा," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे मक्याचा करतात, असाच. "आजीच्या वेळी या धान्याचाही करायचे." त्यांनी घास पुन्हा उचलला. डोळे भरले होते, आणि त्या ते लपवत नव्हत्या. "तीन आठवडे झाले घर सोडून. हॉटेलात रोज ब्रेड."

अक्काला इंग्रजी फारसं येत नाही. तिनं काही न विचारता आणखी एक मुद्दे त्यांच्या ताटात ठेवला.

जेवताना दाजी रंगात आले. तरुणपणी कारखान्यात असताना त्यांना एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिष्यवृत्तीवर बाहेर शिकायला पाठवलं होतं, ते परत येऊन पुढच्या कितीजणांना शिकवू शकले, ते सगळं त्यांनी सांगितलं. "या संस्था नसत्या तर आम्ही कुठे असतो!" असं म्हणून त्यांनी चिकोंडींकडे बघितलं, अनुमोदनासाठी.

त्या हसल्या. "माझ्या आईसमोर असं म्हणू नका. एके काळी अशाच मोठ्या संस्थांनी आमच्या सरकारला सल्ला दिला, शेतकऱ्यांना खतासाठी मदत देऊ नका, बाजारावर सोडा. मक्याचं पीक बुडालं. आई अजून त्यांचं नाव काढलं की चुलीत लाकूड जोरात सारते."

दाजी जरा वरमले. मी विचारलं, "मग आज त्यांच्याच पैशावर काम करता ते?"

"पाणी हवंय ना," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी बोअर कुठे खणायचे ते गावातल्या बायकांना विचारून ठरलं. आधीच्या मसुद्यात ते नव्हतं. आमच्या खात्यातल्या लोकांनी बैठकीत भांडून ते त्यात घालून घेतलं. आई म्हणते, त्यांचं ऐकू नकोस. मी म्हणते, ऐकायचं, आणि आपलंही ऐकायला लावायचं."

"बरोबर बोलली," अक्का म्हणाली. दाजींनी भाषांतर केलेलंही नव्हतं. काय समजलं होतं तिला कोण जाणे, पण सूर तिला कळला होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांकडून सळ्या घेतल्या. किंचित निळसर झाक असलेल्या, स्वच्छ, कोरड्या. प्रयोगशाळेत नागराजनी उपकरण टेकवलं. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. त्यांनी एक सळी बाजूला ठेवली, दुसरी घेतली, तिसरी. चिकोंडींनी मधेच दोन सळ्या स्वतःच्या हातानं निवडून पुढे केल्या.

"सरी इदे," नागराज म्हणाले. (ठीक आहे.) आणि मग, त्या खोलीत पहिल्यांदाच, हसले.

चिकोंडींनी सही केली, पण सोडलं नाही. सोलापूरच्या कारखान्यातला सगळा माल असाच पुन्हा करून घ्यायचा, आणि तिथे तपासणारा माणूस कुठलीही सळी उचलेल. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "समजलं ना, अमायी?" समजलं होतं, म्हणून समजलं म्हटलं.

निरोप मेट्रोच्या जिन्यापाशी घेतला. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला, किंचित वाकल्या आणि "झिकोमो" म्हणाल्या. त्यांच्या भाषेत आभार. खरं तर आभार मी मानायचे होते. मला त्यांच्यासारखं वाकता येईना, म्हणून मी त्यांना मिठी मारली, भर रस्त्यात, येणारेजाणारे आमच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत असताना.

परतीच्या गाडीत बराच वेळ मी उगाच हसत होते. समोरच्या बाईंनी शेवटी विचारलं, लग्नकार्य होतं का? मी म्हटलं, तसंच काहीसं. त्यांनी डबा उघडून मला चिरोटा दिला आणि मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली, हातपंपासकट.

गाडीत सुचलं ते इथे लिहून ठेवते. जागतिक व्यापार, विकास बँका, करारमदार या शब्दांची मला नेहमी भीती वाटायची. वर्तमानपत्रात त्यांच्या बातमीचं पान मी उलटून पुढे जायचे. आता त्या शब्दांमागे मला माणसं दिसतात, चुकणारीही आणि चूक दुरुस्त करायला लावणारीही. कुणीतरी कधीतरी दूरच्या एका बैठकीत आग्रह धरला असणार की लहान कारखान्यालाही निविदा भरता यावी, आणि चुकला तर त्याला एक संधी मिळावी. कुणीतरी एक चांगला पंप स्वतःच्या नावावर करून घेतला नसणार. त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्यांच्यामुळे माझ्या सोलापुरातल्या माणसांना काम मिळालं आणि मलावीतल्या कुणा बाईला स्वच्छ पाणी मिळेल. या दोन्हींच्या मधे एक चिकोंडी उभी होती आणि ती जराही हलली नाही, याचे आभार मी आयुष्यभर मानीन.

सोलापूरला उतरले तेव्हा दिलीप सळ्यांचा पहिला ढीग मोजून बाजूला काढून मोकळा झाला होता. नव्यानं जस्त चढवायला दिलं तेव्हा तो स्वतः टाकीजवळ खुर्ची टाकून बसला. तपासणारा माणूस आला, त्यानं मनाला येईल ती सळी उचलली, आणि माल पास झाला.

ट्रक भरायच्या आदल्या दिवशी एकच काम बाकी होतं. या निविदेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक पंपाच्या डोक्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि गाव कोरलेली पट्टी हवी होती, म्हणजे पंप बिघडला तर कुणाला विचारायचं ते गावाला कळावं. हैदराबादला जाणाऱ्या मालावर आम्ही कधी नाव घातलं नव्हतं, त्याची पट्टी तो व्यापारी लावायचा. शेवटच्या पंपावर दिलीपनं स्वतः पट्टी बसवली. खाली ठळक अक्षरांत सोलापूर.

"आता कुणी शिव्या दिल्या तर थेट आपल्यालाच," हातोडी खाली ठेवत तो म्हणाला. इतका खूश मी त्याला त्याआधी कधी पाहिला नव्हता.